खोकला तेवढा राहू दे

धानाच्या रोवणीचे दिवस होते. चंद्रपुरातल्या आमच्या शाळेची मधली सुट्टी नुकतीच झाली होती, मी डबा उघडत होते, तेवढ्यात वासुदेवचा फोन आला. वासुदेव माझा गावाकडचा वर्गमित्र, आता सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. एरवी त्याचा फोन आला की आधी रस्त्यातल्या खड्ड्यांचा उद्धार होतो आणि मग मुद्दा येतो. त्या दिवशी खड्डे आले नाहीत. "अंजे, सर गेले," एवढंच म्हणाला. मागे इंजिन चालूच होतं. मेश्राम सर म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक. फुप्फुसाच्या दुखण्यानं ते वर्षभर घरातच होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मी डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि तिथेच बसून राहिले. पुढच्या तासाला नववीच्या वर्गाच्या दारात पोचले आणि आत पाऊल टाकण्याआधी माझ्याच घशातून दोनदा खोकल्याचा आवाज निघाला, अगदी सरांसारखा. मुलं हसली. मलाही हसू आलं, आणि मग मात्र फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

तो खोकला ही सरांची ओळख होती. कुठल्याही दारात शिरण्याआधी ते दोनदा खोकत. वर्ग असो, कुणाचं घर असो की ग्रामपंचायतीचं ऑफिस. तेव्हा तो आजाराचा नव्हता, सवयीचा होता. 'मी आलोय, सावरून बसा' एवढंच त्यात असायचं. बाकीचे गुरुजी पावलांचा आवाज न करता यायचे आणि आम्हाला पकडायचे. सर मात्र आधी वर्दी द्यायचे. त्या दोन खोकल्यांच्या मधल्या वेळात चिंचा दप्तरात जायच्या आणि बाकावर चढलेला खाली उतरायचा. एकदा मुख्याध्यापकांनी त्यांना यावरून टोकलं, तेव्हा आमच्यासमोरच म्हणाले, "पोरं पकडाची नोकरी नाई माझी, शिकवाची हाये."

आमचं गाव कुरखेड्याहून बरंच आत. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, दुसऱ्या अंगाला थेट जंगल. सर मूळचे ब्रह्मपुरीकडचे. आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीत, विहाराला लागून दोन खोल्या भाड्यानं घेऊन काकूंसोबत राहायचे. इंग्रजी म्हटलं की आम्ही घाबरायचो, आणि सरांचा सगळा जोर ती भीती घालवण्यावर. पुस्तकातला कुठलाही वाक्प्रचार आला की ते आधी त्याला गावात एक घर शोधून द्यायचे. एखादा शब्द नदीच्या घाटावर राहायचा, एखादा शनिवारच्या बाजारात, एखादा पाटलाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. आजही मला इंग्रजी वाचताना मध्येच गावातली गल्ली दिसते, त्याला माझा इलाज नाही.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. पोळा तोंडावर आला होता. धड्यात 'गेट रिड ऑफ' असा वाक्प्रचार आला. सरांनी शब्दकोशातला अर्थ सांगितला... मुक्त होणे, पिच्छा सोडवणे, काढून टाकणे. आमचे चेहरे कोरेच. सरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी काय करता?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मारबत!" आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाची डहाळी लावतात, तीच मारबत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता घराघरातून ती काढायची, हाका देत गावाच्या शिवेपर्यंत न्यायची आणि पलीकडे भिरकावायची. जे जे नको ते तिच्यासोबत गावाबाहेर जातं. खासी, खोकला, ताप, डास, ढेकूण, सगळं घेऊन जा गे मारबत! टाकल्यावर मागे वळून पाहायचं नाही, सरळ घरी यायचं. "हेच," सर म्हणाले. "हेच इंग्रज लोक तीन शब्दांत सांगतात. आता तुमाले जे जे नको, ते मागं लावा आणि वाक्य करा." वर्गात नुसती झुंबड उडाली. कुणाला डास नको होते, कुणाला गृहपाठ, कुणाला धाकटा भाऊ. सर हसत होते. मग वासुदेव उठला. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा, त्याचं इंग्रजी कधी अडायचं नाही. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "द व्हिलेज वॉन्ट्स टू गेट रिड ऑफ जनाबाई."

जनाबाई म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. तोंडानं फटकळ. जंगलात एकटी जायची, मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची, आणि येता-जाता स्वतःशीच बोलायची. मला ती आवडायची, कारण सगळ्या गावात ती फक्त मला शिव्या देत नसे. त्या पावसाळ्यात गावात तापाची साथ होती. शेजारच्या लहान पोरीला तिनं विहिरीवर कडेवर घेतलं आणि संध्याकाळी त्या पोरीला ताप भरला. एवढं पुरलं. जना काहीतरी करते, तिची नजर वाईट, तिला गावात ठेवू नये, असं आधी कुजबुजत आणि मग पारावर उघड बोललं जाऊ लागलं. मारबतीच्या सकाळी बाकीच्या पीडेसोबत तिच्याही नावानं हाक द्यायची आणि मग तिला शिवेबाहेर काढायचं, असं काही तरण्या पोरांनी ठरवलंय, हे घरी आम्हाला कळलेलं होतं. वासुदेवनं घरात जे ऐकलं तेच बिचाऱ्यानं चांगल्या इंग्रजीत सांगितलं. वाक्यात एकही चूक नव्हती. माझ्या शेजारची मुलगी बाकावर जराशी सरकून बसली, ते सरकणं मला अजून जाणवतं.

सर रागावले नाहीत. वासुदेवला बसायला सांगितलं आणि स्वतःही खुर्चीवर बसले. ते वर्गात कधी बसत नसत. "चुकलं," ते म्हणाले, "तुझं नाई, माझं. मी म्हटलं जे नको ते मागं लावा... कोनाले लावाचं नाई, ते सांगाचं राहून गेलं." तास तसाच संपला. संध्याकाळी आमच्या दाराशी दोनदा खोकण्याचा आवाज आला. आत्यानं आतूनच विचारलं, "कोन व्हय?" सर म्हणाले, "मास्तर हाये बाई. चहा पाजता का?" त्या दिवसांत आमच्या घरचं पाणीही कुणी घेत नव्हतं. आत्या दारात आली, त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पेसान तं माह्या हातचा? मरसान!" "मेलो तं सुट्टी भेटंल शाळेतून," सर म्हणाले आणि ओसरीवर बसले. तिनं कोरा चहा दिला, गुळाचा, इतका गोड की चमचा उभा राहावा. सरांनी सगळा प्यायला.

बाबा कोपऱ्यात बसून होते. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "सर, यंदा आमची डहाळी राहू देतो दारातच. कोनी बोलंल, कोनी मारंल... नाई जात आमी." मारबतीला दरवर्षी घरटी एक माणूस डहाळी घेऊन निघतो. ज्या घरची निघत नाही, त्या घरात पीडा राहिली असंच गाव समजतं. म्हणजे बाबांनी डहाळी ठेवली असती तर गाव जे म्हणत होतं त्याला आम्हीच मान डोलावल्यासारखं झालं असतं. हे सरांनी ओळखलं. त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि आत्यालाच विचारलं, "बाई, डहाळी तुमी न्यान का?" बाया मारबतीला जात नसत. आत्यानं तो पेला उचलून विसळला. मग म्हणाली, "सोबत कोन हाये?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा दाराशी दोनदा खोकला झाला. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं दाराची डहाळी ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि ती पुढे, सर तिच्या बाजूला, मागे मी. बाबा दारातच उभे राहिले होते, पण गल्लीच्या वळणावर मी पाहिलं तर तेही मागून येत होते. मारुतीच्या देवळापाशी माणसं जमली होती, पोरं रिकामे डबे बडवत होती. आम्ही दिसलो आणि डबे थांबले. पोलीस पाटील म्हणाले, "सर, तुमी इथी?" आमच्या गावातल्या बौद्ध घरांनी मारबत केव्हाच सोडलेली, त्यामुळे पाटलांना आत्याच्या येण्याइतकंच सरांचं येणंही बोचलं. सर म्हणाले, "बाईची डहाळी जड हाये म्हणून आलो." पळसाची डहाळी किती जड असते ते तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण कुणी काही म्हणायच्या आत सर चालूही लागले होते.

मला सगळ्यात जास्त भीती होती ती हाकेची. हाक कुणीतरी एक जण देतो आणि बाकीचे त्याच्या मागे म्हणतात. आत्याचं नाव एकदा हाकेत आलं असतं, तर गावाच्या तोंडून ते गेलंच असतं... शिवेवर पोचताच सरांनी कुणाला संधीच दिली नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज लावून त्यांनीच सुरुवात केली. "ताप, हिवताप!" आणि गावानं सवयीनं म्हटलं, "घेऊन जा गे मारबत!" "खासी, खोकला!" "घेऊन जा गे मारबत!" सर थांबायलाच तयार नव्हते. डास झाले, ढेकूण झाले, धानावरची कीड झाली, खरूज झाली, दारू झाली, तेव्हा बायकांच्या बाजूनं, म्हणजे आम्ही दोघीच होतो, आत्यानं जोरात साथ दिली. काही तरणी पोरं मध्ये घुसू पाहत होती, पण सर श्वासच घेईनात. पीडा संपल्या तशा त्यांनी शाळेतल्या काढल्या. आळस! कॉपी! आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही हात वर करून, "इंग्रजीची भीती!" सगळ्या शिवारात हशा पिकला. पोलीस पाटीलही हसले. त्या हशातच आत्यानं डहाळी पलीकडे फेकली, बाकीच्यांनीही फेकल्या, आणि सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चला बाई, घरी. चहा ठेवा." ती वळली आणि गावाकडे चालू लागली. ज्यांनी पीडा टाकली तेच परत येतात, आणि ती परत येत होती. तिला आता शिवेबाहेर ठेवायचं कसं, हे कुणालाच उमगेना.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. काही घरांनी तिच्या हातचं पाणी शेवटपर्यंत घेतलं नाही. शेजारची पोरगी गोळ्यांनी बरी झाली, तरी तिच्या आईनं आत्याला पुन्हा कडेवर घेऊ दिलं नाही. पण गाव सोड, असं मात्र कुणी पुन्हा म्हटलं नाही. आत्या पुढे पुष्कळ वर्षं जगली, भरपूर शिव्या दिल्या आणि आपल्याच खोलीत, आपल्या खाटेवर गेली.

सरांना मात्र बोल लागला तो स्वतःच्या वस्तीतून. विहारात एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "सर, आपन सोडलं ना हे? मंग तुमी काऊन गेले?" सर म्हणाले, "मी मारबत न्याले नाई गेलो बाबा. बाईले आन्याले गेलो." हे मला काकूंनी खूप नंतर सांगितलं. सरांनी स्वतः फक्त एकदा तो विषय काढला, मी नोकरीला लागल्यावर. म्हणाले, "माझ्या आज्यानं छप्पन साली घरचे देव नदीत सोडले. त्याले म्हणते सुटका. त्यानं रूढी टाकली, मानसं नाई टाकली." मग म्हणाले, "आमच्या गावी आमची वस्ती शिवेच्या पलीकडं होती, अंजू. गाव मारबत फेके, ते आमच्या अंगणात येऊन पडे. माझी माय दरसाल ते झाडून काढे... आणि मी मूर्ख, त्याचंच उदाहरण तुमाले हसत हसत शिकवलं." त्यांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला होता, पण गुरुजींचा हात कसा धरायचा ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

त्या वर्षानंतर 'गेट रिड ऑफ' शिकवताना सरांनी आपला एक नियम केला. वस्तूला लावा, रोगाला लावा, वाईट सवयीला लावा. माणसाला लावायचं नाही. एकदा प्रशिक्षणाला आलेल्या एका साहेबांनी त्यांना सुनावलं की सर, इंग्रजीत हे माणसांसाठी सर्रास वापरतात, कुठलाही शब्दकोश उघडा. सर शांतपणे म्हणाले, "वापरत असन. त्यांच्या गावात वापरू द्या." आज मीही इंग्रजी शिकवते आणि तोच नियम चालवते. परीक्षेत एखाद्या मुलीनं माणसाला लावून बिनचूक वाक्य लिहिलं तर मार्क कापत नाही, पण समासात एवढंच लिहिते, 'मला भेट.'

निवृत्तीनंतर सरांनी कुरखेड्यात छोटंसं घर बांधलं. तिथून दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते लूनावरून आमच्या गावी यायचे. शिवेवर जायचे नाहीत. डहाळ्या टाकून माणसं परत आली की आमच्या दाराशी दोनदा खोकायचे आणि आत्याचा तो गुळाचा चहा प्यायचे. आत्या गेली तरी येत राहिले. माझी वहिनी चहात साखर घालते, तीही बेताची. सर एक घोट घेऊन म्हणायचे, "चांगला हाये, पन मरनाचा नाई."

शेवटची भेट पावसाच्या तोंडाशी झाली. त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. आता मी खोकले दारात, आणि सरांनी आतून विचारलं, "कोन मास्तर आला?" काकू म्हणाल्या, यांची नक्कल करायला सगळेच शिकलेत. बोलता बोलता सरांना उबळ आली, ती थांबेचना. काकू पाठ चोळत राहिल्या. थांबल्यावर डोळे पुसत ते म्हणाले, "दरसाल गाव ओरडते, खोकला घेऊन जा. माझाच काऊन नाई नेत? वाटते आता खोकलाच मले गेट रिड ऑफ करते." मी म्हटलं, "माणसाला लावायचं नाही, सर." ते हसले. हसण्यानं पुन्हा उबळ आली, म्हणून काकू माझ्यावर रागावल्या. निघताना मी त्यांच्या पायांना हात लावला आणि मग, या वेळी न विचारता, हातही धरला. हात गरम होता, अगदी हलका झाला होता.

यंदा पोळ्याला मी मुद्दाम गावी गेले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दाराची डहाळी मी काढली. आता बायाही जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. वासुदेव सुट्टी काढून आला होता, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, डोक्यावर गमछा. चिखलातून घसरत आम्ही शिवेवर पोचलो. हाक सुरू झाली. ताप, हिवताप, घेऊन जा गे मारबत! मीही ओरडत होते. मग कुणीतरी म्हणालं, "खासी, खोकला!" आणि मी 'घेऊन जा' म्हटलंच नाही. सगळं ने, माझे आई... तापही ने, डासही ने, जे काही न्यायचं ते ने. खोकला तेवढा राहू दे. दाराबाहेर दोनदा, नंतर जरा थांबून, 'मास्तर हाये बाई.' तेवढा एक आमच्या दाराशी राहू दे.

डहाळी फेकली आणि मी वळले. मागे पाहायचं नसतं. बांधावरून खाली मान घालून चालत होते, आणि अगदी पाठीशी कुणीतरी खोकलं. एकदा. पुन्हा एकदा... मी वळून पाहिलं.

वासुदेव होता. खर्रा लागला होता त्याला घशात. मी का वळले ते त्याला कळलं, कारण तो माझ्याकडे न बघता आपल्या चपलांचा चिखल झटकत उभा राहिला.

"मी बी नाई म्हटलं," तो म्हणाला. "खोकला आला तं मी चूप राह्यलो."